शाळेंतील वर्दी

दुसऱ्याचें वैगुण्य वरिष्ठांच्या कानीं घालणाऱ्या मनुष्यास आपल्या मराठींत नांवें पुष्कळ आहेत. चहाडखोर, चुगलखोर, लावालावी करणारा, आगलाव्या, घरभेद्या. यांपैकीं एकहि नांव आदराचें नाहीं, आणि शाळेंतील पोर पहिल्या इयत्तेंतच हीं नांवें शिकतें. उलट गांवांत कांहीं अनिष्ट घडल्याची खबर ठाण्यावर पोंचविणाऱ्या पोलिसपाटलास वा कोतवालास मात्र कोणी चहाडखोर म्हणत नाहीं. तो वर्दी देतो. त्यास त्याच कामासाठीं नेमलेलें असतें, आणि वर्दी न दिल्यास तोच दोषी ठरतो. दोन्ही ठिकाणीं एकानें दुसऱ्याविषयीं तिसऱ्यास सांगितलें इतकेंच घडतें. तरी एका गोष्टीस आपण पाप म्हणतों व दुसरीस कर्तव्य. हा फरक कोठून येतो, याचा विचार शाळेंत काम करणाऱ्या आम्हां सर्वांस करण्याजोगा आहे.

आमच्या मतें फरक बातमींत नसून तिच्या वाटेंत आहे. चहाडी कानांत सांगतात. जो ती ऐकून संतोष पावेल अशास सांगतात. तिला तारीख नसते, सही नसते, आणि उद्यां 'मी असें बोललोंच नाहीं' म्हणावयास मोकळीक असते. वर्दी, ज्यास कांहींतरी करणें भाग आहे अशास देतात, व ती वहींत नोंदली जाते. ज्या संस्थेंत वर्दीची वाट बांधलेली नसते, तेथें बातमी थांबते असें नव्हे. ती चहाडीच्या वाटेनें वाहूं लागते. शिक्षकांच्या खोलींत चहाच्या वेळीं जें कुजबुजलें जातें त्यांतील बरेंचसें बाष्कळ असेल. पण उरलेल्यांत एखाद्या लेंकराचें सारें आयुष्य अडकलेलें असूं शकतें.

भंडारा जिल्ह्यांतील वाचकास हें विस्तारानें पटवून द्यावयास नको. ९ जानेवारी २०२१ च्या रात्रीं आमच्या जिल्हा रुग्णालयांतील नवजात बालकांच्या कक्षास आग लागली व १० अर्भकें दगावलीं. मागाहून चौकशी झाली, कोणी निलंबित झाले, कोणास कामावरून दूर करण्यांत आलें. दुर्घटनेनंतर दोषी शोधण्याची यंत्रणा आपल्या देशांत तत्पर आहे. दुर्घटनेच्या आधीं, एखाद्या परिचारिकेस वा विजेचें काम पाहणाऱ्या मनुष्यास 'येथें धोका आहे' असें वाटलें, तर तें कोणत्या कागदावर लिहावें, कोणास द्यावें, आणि पोच कोणाकडून घ्यावी, याची यंत्रणा मात्र कोठेंच धडपणें दिसत नाहीं. शाळा यास अपवाद नाहींत. उघडी पडलेली विजेची तार, भेगाळलेली संडासाची भिंत, आंत माणूस कोंडला जाईल असें वसतिगृहाचें एकमेव दार, या गोष्टी प्रथम दिसतात त्या शिपायास व झाडूवालीस, अध्यक्षांस नव्हे.

दुसरें उदाहरण शिक्षणखात्यांतीलच आहे. शालार्थ ही शिक्षकांच्या पगाराची संगणकीय व्यवस्था. तींत क्रमांक मिळाला म्हणजे सरकारी तिजोरींतून दरमहा वेतन सुरू होतें. २०२५ च्या एप्रिल महिन्यांत, बनावट कागदपत्रांवर असे क्रमांक देऊन अपात्र माणसांस शिक्षक म्हणून दाखविल्याचें प्रकरण नागपूर विभागांत उघडकीस आलें. विभागाच्या शिक्षण उपसंचालकांस अटक झाली. आणि आरंभीं ज्या नेमणुकीचा बोभाटा झाला, ती आमच्याच जिल्ह्यांतील एका शाळेच्या मुख्याध्यापकाची होती. शिकविण्याचा अनुभव नसतां खोट्या दाखल्यांवर मुख्याध्यापकपद मिळविल्याचा आरोप त्यांत आहे. दोष कोणाचा व किती, हें ठरविणें न्यायालयाचें काम. त्यांत आम्हांस पडावयाचें नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. दहापंधरा शिक्षकांच्या शाळेंत कोणत्या तासास कोण उभा राहतो, आणि कोणाचें नांव केवळ हजेरीपटावर आहे, हें घंटा देणाऱ्या शिपायासहि ठाऊक असतें. खोट्या नेमणुका जेथें कोठें झाल्या असतील, तेथें त्या कोणाच्याच दृष्टीस पडल्या नाहींत असें मानणें कठीण आहे. दृष्टीस पडल्या, पण सांगावयाचें कोणास? मुख्याध्यापकाविरुद्धचा अर्ज मुख्याध्यापकाच्याच सहीनें, 'योग्य मार्गानें', वर जावयाचा, ही आमच्या कचेऱ्यांची परंपरागत रीत. या रीतीस 'योग्य' हें विशेषण कोणीं व कोणत्या विनोदबुद्धीनें जोडलें, हें समजत नाहीं.

मोठीं प्रकरणें वर्तमानपत्रांत येतात. लहान तशींच मुरतात. शालेय पोषण आहारांत सहावी ते आठवीच्या प्रत्येक मुलामागें दररोज १५० ग्रॅम तांदूळ धरलेला असतो. प्रत्यक्षांत न आलेल्या ४० मुलांची हजेरी भरली, कीं दिवसास ६ किलो तांदूळ हिशेबांत शिजतो आणि पातेल्यांत शिजत नाहीं. धानाच्या या जिल्ह्यांत ६ किलो तांदळाचें कोणास अप्रूप वाटणार नाहीं. पण महिन्याच्या २५ दिवसांचा हिशेब केला म्हणजे दीड क्विंटल होतो, व तो ज्यांच्या ताटांतून जातो त्यांच्या घरीं रात्रीं काय शिजतें, हें स्वयंपाक करणाऱ्या बाईस चांगलें माहीत असतें. ती बाई तुटपुंज्या मानधनावर काम करते, तिला लिहितां येतेंच असें नाहीं, आणि तिचें काम राहील कीं जाईल हें ज्यांच्या हातीं, त्यांच्याच वहीविरुद्ध तिला बोलावयाचें असतें.

याहून शतपटीनें गंभीर विषय मुलांच्या देहाच्या सुरक्षिततेचा. येथें कायद्यानें संदिग्धता ठेवलेली नाहीं. बालकांचें लैंगिक अत्याचारापासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्यास सर्वजण पोक्सो म्हणतात, त्याच्या १९ व्या कलमानें, असा अपराध घडला आहे वा घडण्याचा संभव आहे असें ज्यास कळेल त्या प्रत्येकानें पोलिसांस कळविलेंच पाहिजे. न कळविणाऱ्यास ६ महिन्यांपर्यंत कैद होऊं शकते. आणि संस्थेच्या प्रमुखानें हाताखालच्या मनुष्याचा अपराध दडविला तर ती मर्यादा १ वर्षाची आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातलें म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, अशी समजूत पुष्कळ शिक्षकांची असते. कायदा तसें मानीत नाहीं. उलट सद्भावनेनें खबर देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येणार नाहीं, असें अभय त्याच कलमांत दिलेलें आहे. हें अभय किती शिक्षकांस ठाऊक आहे याची आम्हांस शंकाच वाटते.

शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यांत राजुरा येथें वसतिगृहांत राहणाऱ्या आदिवासी मुलींवर अत्याचार झाल्याचें प्रकरण २०१९ सालीं बाहेर आलें. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरनें प्रकार कळूनहि खबर दिली नाहीं, असा आरोप होता. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानें त्याच्याविरुद्धची फिर्याद रद्द केली. परंतु सर्वोच्च न्यायालयानें नोव्हेंबर २०२२ मध्यें तो निर्णय फिरवला, व माहिती असूनहि खबर न देणें हा गंभीर अपराध असून तो अत्याचार करणाऱ्यास पाठीशीं घालण्याचाच प्रकार होय, असें मत नोंदविलें. पुढें ऑगस्ट २०२४ मध्यें बदलापूरच्या एका शाळेंत दोन चिमुकल्या मुलींवर अत्याचार झाला. त्या वेळीं हजारों माणसें रेल्वेच्या रुळांवर उतरलीं, तीं केवळ त्या एका नराधमावरील संतापानें नव्हे. शाळेनें वेळेवर हालचाल केली नाहीं, हा संताप त्यांत मोठा होता. त्याच महिन्यांत सरकारनें आदेश काढून कॅमेरे, तक्रारपेटी, सखी सावित्री समिति यांची सक्ति केली, व असा प्रकार कळल्यापासून २४ तासांच्या आंत शिक्षणाधिकाऱ्यांस कळविण्यास सांगितलें. आदेश योग्यच आहे. परंतु तक्रारपेटी मुलांकरितां आहे. कॅमेरा पटांगण पाहतो. बंद खोलीच्या बाहेर कोण किती वेळ थांबला, हें ज्या मदतनीस बाईच्या लक्षांत येतें, तिनें काय करावें, हें शाळाशाळांतून अद्यापि लिहिलें गेलेलें नाहीं.

आतां नोकरीच्या कायद्याकडे पाहूं. महाराष्ट्रांतील खासगी शाळांच्या कर्मचाऱ्यांचा कायदा १९७७ सालचा व त्याखालील नियम १९८१ चे. त्यांपूर्वीं शिक्षकाची नोकरी संस्थाचालकाच्या लहरीवर किती अवलंबून असे, हें वयोवृद्ध शिक्षक आजहि सांगतात. त्या मानानें हा कायदा मोठीच प्राप्ति होय. आरोप झालेल्या शिक्षकास त्यानें चांगलें संरक्षण दिलें आहे. चौकशी समितींत एक सदस्य व्यवस्थापनाचा, एक खुद्द त्या शिक्षकानें निवडलेला, व तिसरा राज्य वा राष्ट्रीय पुरस्कार मिळविलेल्या शिक्षकांपैकीं असतो. बडतर्फीवर ३० दिवसांच्या आंत शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागतां येते. हें सर्व आरोपिताकरितां. आरोप करणाऱ्याकरितां, त्यानें सत्य सांगितलें म्हणून त्याच्या मागें ससेमिरा लागूं नये याकरितां, त्या कायद्यांत स्वतंत्र कलम नाहीं. आणि ससेमिरा बडतर्फीनेंच लागतो असें थोडेंच आहे? तास दूरदूर टाकून वेळापत्रक बिघडविणें, गोपनीय अहवालांत एखादें थंड वाक्य लिहिणें, रजेचा अर्ज टेबलावर पडूं देणें, एवढ्यानें मनुष्य जेरीस येतो. आणि यांपैकीं कशावरहि अपील चालत नाहीं. त्यांतून जो शिक्षणसेवक आहे, माध्यमिक शाळेंत २०२३ पासून महिना १८,००० रुपये मानधनावर तीन वर्षें काढावयाचीं आहेत, त्याची स्थिति तर विचारूंच नये. शाळेंतील सर्वांत तरुण, मुलांत सर्वांत मिसळणारा, म्हणून सर्वांत अधिक पाहणारा तोच. आणि बोलण्यास सर्वांत असमर्थहि तोच.

देशाच्या पातळीवर याविषयीं जाग आली ती एका तरुणाच्या मृत्यूनें. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणांतील अभियंते सत्येंद्र दुबे यांनीं रस्त्यांच्या कामांतील गैरव्यवहाराविषयीं पंतप्रधानांच्या कार्यालयास पत्र लिहिलें व आपलें नांव गुप्त ठेवण्याची विनंती केली. नांव गुप्त राहिलें नाहीं. २७ नोव्हेंबर २००३ रोजीं गया येथें त्यांचा खून झाला. तो लुटारूंनीं केला असें तपासांत ठरलें. तरी नांव फुटल्याचा डाग त्यानें धुतला जात नाहीं. एप्रिल २००४ मध्यें केंद्र सरकारनें ठराव करून अशा तक्रारी केंद्रीय दक्षता आयोगाकडे सोंपविल्या, पण त्या केंद्राच्या कारभारापुरत्या. २०१४ सालीं संसदेनें सविस्तर कायदाच केला, राष्ट्रपतींची संमति मिळाली, आणि तो अमलांत आणण्याची तारीख मात्र अद्यापि निघालेली नाहीं. तेव्हां साकोलीच्या वा पवनीच्या शिक्षकानें या कायद्याच्या भरंवशावर राहूं नये. जें करावयाचें तें शाळेनेंच आपल्या चार भिंतींच्या आंत, आपल्या सहीनें केलें पाहिजे.

मिशनच्या शाळांस तर याविषयीं उदासीन राहतांच येणार नाहीं. ज्यांच्या नांवाचें कॉलेज नागपुरांत १८८३ पासून चालत आलें आहे, त्या स्टीफन हिस्लॉप यांनीं नागपूरचें राज्य खालसा झाल्यानंतर तेथील कारभारांत माजलेली अव्यवस्था वृत्तपत्रांतून निर्भयपणें मांडली होती, आणि ती राज्यकर्ते त्यांच्याच देशाचे असतां मांडली. पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेंत शिकलेले जोतीराव फुले यांनीं १८८२ सालीं हंटर आयोगापुढें निवेदन देऊन शिक्षणखात्याचे दोष दाखविले. या दोघांच्या धैर्यास आम्ही वंदन करतों. पण एक गोष्ट नजरेआड करूं नये. दोघांपैकीं एकहि त्या खात्याचा नोकर नव्हता. त्यांची भाकरी ज्यांच्याविषयीं ते बोलत त्यांच्या हातीं नव्हती. आंतल्या मनुष्याकडून तितक्याच धैर्याची अपेक्षा करणें, आणि त्याला मागें टेकावयास भिंत न देणें, हें न्यायाचें नाहीं.

पवित्र शास्त्रांतील एक क्रम अशा वेळीं नेहमीं पुढें करतात. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायांत, बंधूकडून अपराध झाल्यास प्रथम एकट्यानें त्याच्याकडे जावें, न ऐकल्यास एकदोघांस बरोबर न्यावें, आणि तरीहि न ऐकल्यास मंडळीस कळवावें, असें सांगितलें आहे. सहकाऱ्यांतील तंट्यास, उशिरा येण्यास, हिशेबांतील हयगयीस हा क्रम फार उत्तम. आपल्या पुष्कळ तक्रारी पहिल्याच पायरीवर मिटाव्यात. पण मुलावरील अत्याचारास तोच क्रम लावून 'आधीं त्यांच्याशीं एकट्यानें बोला' असा उपदेश करणारे महाभाग आढळतात, त्यांनीं तोच अध्याय आरंभापासून वाचावा. लहानांस अडखळविणाऱ्याविषयींचे कठोर बोल त्यांत आधीं येतात, व त्यांत पायऱ्या नाहींत. कॅथॉलिक धर्मसभेनेंहि हें उशिरां कां होईना ओळखलें. पोप फ्रान्सिस यांनीं मे २०१९ मध्यें काढलेल्या आज्ञापत्रानें धर्मगुरु व व्रतस्थ यांच्यावर अशी खबर देण्याचें बंधन घातलें, आणि खबर देणाऱ्याचा सूड घेण्यास स्पष्ट मनाई केली. २०२३ सालीं तें आज्ञापत्र कायम झालें. 'संस्थेची अब्रू' या नांवाखालीं जगांतील कितीएक ठिकाणीं काय काय झांकलें गेलें, याची किंमत मोजल्यानंतरच हें झालें आहे.

मग शाळेनें करावें काय? आमच्या मतें दोन पानांचें एक टिपण पुरे. त्यांत पहिली गोष्ट अशी असावी कीं वर्दीस दारें दोन असतील. एक मुख्याध्यापकांचें, दुसरें शाळेच्या रोजच्या कारभारांत नसलेल्या एका व्यक्तीचें, जिचें नांव व पत्ता कर्मचाऱ्यांच्या खोलींत लावलेला असेल. निवृत्त मुख्याध्यापिका, गांवांतील डॉक्टर, कोणीहि भारदस्त मनुष्य चालेल. केवळ तो संस्थाचालकांचा सोयरा नसावा. लहान गांवांत ही अट सर्वांत अवघड आहे हें आम्ही जाणतों, कारण तेथें संस्थेचे अध्यक्ष, राईस मिलचे मालक व सरपंच बहुधा एकाच वाड्यांतले असतात. म्हणूनच ती टिपणांत पहिली हवी. बाहेरचा मनुष्य घेण्यांत अघटित असें कांहीं नाहीं. स्त्रियांच्या कामाच्या ठिकाणीं होणाऱ्या छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यानें, दहा वा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणच्या समितींत बाहेरचा सदस्य आधींच आणून बसविला आहे.

वर्दी लेखी असावी, आणि ज्यास लिहितां येत नाहीं त्याचें म्हणणें दुसऱ्यानें लिहून घेऊन त्यास वाचून दाखवावें. स्वयंपाकीण, शिपाई, वसतिगृहाची मावशी, गाडीचा चालक, हे सर्व 'कर्मचारी' या शब्दांत आले पाहिजेत. ठेकेदाराच्या माणसांसहि वगळूं नये. सामान्य आवक-जावक वहींत अशी नोंद करूं नये, कारण ती वही दिवसांतून दहा हातांतून जाते. निराळी वही, निराळें कुलूप, आणि तीन दिवसांच्या आंत तारखेची पोच. महिन्याच्या आंत उत्तर द्यावें. चौकशीचा सर्व तपशील सांगतां येणार नाहीं, पण पाहिलें, अमुक केलें वा अमुक कारणास्तव कांहीं केलें नाहीं, इतकें तरी सांगावें. माणसें निकाल विरुद्ध गेल्यानें जितकीं खट्टू होत नाहींत तितकीं उत्तरच न आल्यानें होतात. आणि एक वर्षपर्यंत त्या कर्मचाऱ्याचें वेळापत्रक, गोपनीय अहवाल वा नेमणूक यांत त्याच्या तोट्याचा फरक करावयाचा झाल्यास त्या बाहेरच्या व्यक्तीस आधीं लेखी कारण द्यावें लागेल, असा नियम असावा. बालकाच्या देहासंबंधींची गोष्ट मात्र या साऱ्या व्यवस्थेंत अडकवूं नये. ती त्याच दिवशीं पोलिसांकडे जावी. १०९८ हा बालकांचा दूरध्वनि सर्वांस पाठ असावा. शाळेची स्वतःची विचारपूस पोलिसांच्या आधीं होतां कामा नये, व त्या बालकाचें नांव कोणाच्या तोंडीं येतां कामा नये.

निनांवी पत्रांविषयीं मतभेद आहे. तीं फाडून टाकावींत असें म्हणणारे थोर मुख्याध्यापक होऊन गेले, आणि त्यांचें कारणहि समजण्यासारखें आहे. तथापि पत्रांत पडताळून पाहतां येईल अशी तारीख, खोली वा पावतीचा क्रमांक असेल, तर सही नाहीं म्हणून ती पावती खोटी होत नाहीं. केवळ शिव्याशाप असतील तर पत्र खुशाल फाडावें.

शिक्षकांच्या मनांतील दुसरी भीति आम्ही हलकी मानीत नाहीं. शिस्तीकरितां मुलास रागावलें, परीक्षेंत कॉपी पकडली, बढतींत कोणास मागें टाकलें, कीं सूडानें तक्रार होईल आणि आयुष्यभराची अब्रू एका दुपारीं जाईल, असें भय पुष्कळांस वाटतें; व तें सर्वस्वी निराधार नाहीं. म्हणूनच तर व्यवस्था हवी. जेथें वर्दीची वही नाहीं तेथें अफवेस उत्तर देतां येत नाहीं. जेथें आहे तेथें आरोप नेमका असतो, त्याचें उत्तर नोंदतां येतें, व निर्दोष ठरल्यास तसें लिहून मागतां येतें. चौकशी पुरी होईपर्यंत नांव बाहेर फोडणाऱ्यास, मग तो कोणीहि असो, शिस्तभंगाचा दोषी मानावें. जाणूनबुजून रचलेल्या खोट्या आरोपास शासन असावें. पण प्रामाणिकपणें सांगितलेली गोष्ट चौकशीअंतीं चुकीची निघाली एवढ्यानें कोणास शासन होऊं नये. या दोहोंतील रेघ टिपणांत स्पष्ट शब्दांनीं ओढली पाहिजे, नाहींतर पहिल्याच खटल्यांत ती पुसली जाईल.

झांकली मूठ सव्वा लाखाची, असें कांहीं संस्थाचालक अजून म्हणतात. आजच्या पालकास ती मूठ उघडावयास वेळ लागत नाहीं. त्याच्या खिशांत दूरध्वनि आहे. शाळेनें आपणहून पोलिसांत जाऊन सांगितलेली वाईट बातमी, आणि पालकांनीं फाटकापाशीं जमून ओरडून सांगितलेली तीच बातमी, यांत गांव फरक करतें, आणि तो फरक पुढील जूनच्या प्रवेशांत दिसतो.

विदर्भांतील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या आठवड्यांत शिक्षकांची जी पहिली सभा भरते, तींत वेळापत्रक, समित्या, सणांचें नियोजन यांचे कागद वांटले जातात. त्यांतच हें टिपण वाचून दाखवावें, आणि स्वयंपाकिणींस व शिपायांस त्या सभेस बोलवावें. खुर्च्या कमी पडल्यास वर्गांतील बांक आणावेत. वाचून झाल्यावर त्या बाहेरच्या व्यक्तीनें स्वतः उभें राहून आपलें नांव, घर व भेटीची वेळ सांगावी. खर्च म्हणाल तर एक वही व एक कुलूप, आणि कुलपाची दुसरी किल्ली मुख्याध्यापकांपाशीं असूं नये.